राखणदार की मालक? : ख्रिस्ती विचारातील निसर्गाची जबाबदारी

मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘पर्यावरण रक्षण’ हा विषय आला की आपण बहुतेक वेळा ‘झाडे लावा, पाणी वाचवा’ इथेच थांबतो. पण वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, “आमच्या नळाचं पाणी आम्ही कसंही वापरू, त्यात काय बिघडलं?” हा प्रश्न खरं तर मालकीचा आहे. प्रत्येक धर्मपरंपरेने त्याचे उत्तर आपापल्या परीने दिले आहे. आज ख्रिस्ती परंपरेचे उत्तर पाहू आणि ते आपल्या महाराष्ट्राच्या मातीत कसे उतरले, हेही समजून घेऊ.

पृथ्वी कोणाची?

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, म्हणजे ‘उत्पत्ती’मध्ये, देव माणसाला पृथ्वीवर सत्ता चालवायला सांगतो. यावरून बरीच टीकाही झाली. निसर्गाच्या ओरबाडण्यामागे हाच विचार आहे, असे अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली मांडले.

पण त्याच पुस्तकाचा दुसरा अध्याय बघा. तिथे माणसाला एदेन बागेत ठेवले आहे ते मशागत आणि राखण करण्यासाठी. राखण म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. राखणदार दोन कणसे भाजून खाईल, पण शेत विकू शकत नाही. पुढे ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात तर स्पष्टच येते : जमीन देवाची आहे, माणसे तिच्यावर उपरी म्हणून राहतात.

राखणीचे नियम

या विचारातून काही व्यवहारी नियम आले. दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा. कापणी करताना शेताच्या कडेचे पीक सोडायचे आणि खाली पडलेला सरवा वेचायचा नाही. तो गरिबांचा आणि परक्यांचा. ‘अनुवाद’ या पुस्तकात तर लढाईत वेढा घातलेल्या शहराजवळची फळझाडेही तोडायला मनाई आहे.

यातली मेख मुलांच्या लक्षात आणून द्या. सरवा ही भीक नव्हे. तो वेचणाऱ्याचा हक्क आहे. म्हणजे जमीन जपणे आणि गरिबाचा वाटा जपणे या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पर्यावरणावर ‘लाउदातो सी’ हे पत्र लिहिले, त्याचा गाभाही हाच आहे : निसर्ग बिघडला की आधी गरीब भरडला जातो.

नगरच्या माळरानावरचा धडा

हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू विसाव्या शतकाच्या मध्यावर महाराष्ट्रात आले आणि अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) दुष्काळी भागात त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घातली. नाबार्ड आणि जर्मनीच्या मदतीने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांची प्रेरणा होती. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापली. तिचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे.

कामाची पद्धत ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर, झाडे आणि गवत; मग उतारावर बांध; शेवटी ओढ्यावर बंधारे. धावणारे पाणी चालू लागते, चालणारे थांबते आणि थांबलेले जमिनीत मुरते. खालच्या विहिरींना पाणी येते ते असे.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. डोंगरावर गवत वाढवायचे म्हणजे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली. तिची झळ पहिल्यांदा कोणाला? ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत त्याला. आणि विहिरीचे वाढलेले पाणी कोणाला? ज्याची जमीन खाली आहे त्याला! म्हणून या कार्यक्रमात निर्णय गावाने एकत्र बसून घ्यायचे ठरले. श्रमदान सगळ्यांनी करायचे, पण भूमिहीन आणि एकट्या पालकावर चालणाऱ्या घरांना त्यातून सूट. शिवाय वाढलेले पाणी उसासारख्या पिकांनी आणि नव्या बोअरवेलनी संपवायचे नाही, हीही अट. सरव्याचा जुना नियम इथे पाण्याला लागू झालेला दिसतो. तरीही ज्याची शेळी चरायची थांबली, त्याचे नुकसान कसे भरायचे हा प्रश्न प्रत्येक गावाला नव्याने सोडवावा लागतो.

आणि पुण्यात?

हा प्रश्न फक्त खेड्यातला नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. त्यातूनच पुण्याची तहान भागते आणि कालव्याने दौंड, इंदापूरकडची शेतीही भिजते. आपण वापरलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि पुढे उजनीला जाते. म्हणजे आपल्या नळाच्या खाली कोणीतरी आहेच. सुरुवातीच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे : नळ तुझा, पण पाण्याचा तू राखणदार.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. १ एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी झाले? मुलांना गणित करू द्या. उत्तर सुमारे ४ लाख लिटर येते.

२. वर्गाचे तीन गट करा : शेळीवाले, खालच्या विहिरीचे मालक आणि भूमिहीन मजूर. चराईबंदी करायची की नाही, यावर ग्रामसभा भरवा. शेळीवाल्यांना भरपाई काय, हे ठरल्याशिवाय सभा संपवू नका.

३. पालकांनी मुलांसोबत आठवडाभर घरातल्या पाण्याची नोंद ठेवावी आणि त्यातले किती पाणी पुन्हा वापरता आले असते ते मोजावे.

आपला धर्म कोणताही असो, ‘हे माझं आहे’ याच्या जोडीला ‘यात आणखी कोणाचा वाटा आहे?’ हा प्रश्न मुलांना विचारायची सवय लागली, तर हा पाठ चांगला झाला असे समजायला हरकत नाही.