जिन्याखालचा वर्ग

वीजबचतीच्या कार्यक्रमाला सोसायटीच्या हॉलमध्ये भाषण होतं, पण लोकांना पटतं ते जिन्याखाली, मीटरच्या खोलीत. म्हणून पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जायचं ठरलं, की आम्ही स्वयंसेवक आधी वॉचमनकाकांकडून त्या खोलीची किल्ली मिळवतो, जळमटं काढतो, मीटरच्या काचा पुसून ठेवतो.

काचेमागे एक लाल दिवा लुकलुकत असतो. बऱ्याच मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला दिसतो. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. वरच्या घरात फक्त २००० वॅटचा गीझर लावायला सांगायचं. दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो. गीझर बंद करून ७५ वॅटचा जुना पंखा लावला की १५ सेकंदांनी एकदा. तेवढाच वारा देणारा ३० वॅटचा बीएलडीसी पंखा असेल तर ३७-३८ सेकंद ताटकळावं लागतं. लहान मुलं मोठ्यानं आकडे मोजतात आणि मोठी माणसं गप्प होतात.

एकदा एक काका हट्टालाच पेटले. घरातलं सगळं बंद, फ्रिजचाही प्लग काढलेला, तरी पावणेदोन मिनिटांनी का होईना, दिवा लुकलुकत होता. “मीटरच पळतंय!” काकूंना फोन लावला. टीव्ही रिमोटनं बंद होता, त्यामागचा सेट-टॉप बॉक्स मात्र जागा. भिंतीवरचं बटण बंद करायला लावलं. काका घड्याळ धरून उभे, दिवा लुकलुकेना. असा १० वॅटचा बॉक्स महिन्याला ७ युनिटं खातो.

आमच्यातल्या नव्या मुलांना मी एकच बजावते: काटकसरीचं प्रवचन नको. ओट्यापाशी घामाघूम होणाऱ्या बाईला पंखा बंद कर म्हणणं हा अन्याय आहे. तिचा वारा तेवढाच राहिला पाहिजे, युनिटं कमी झाली पाहिजेत. बचत गटात आम्ही फ्रिजच्या दारात दहाची नोट धरून दार लावतो. नोट अलगद निघून आली तर रबर आधी साबणाच्या कोमट पाण्यानं पुसायचं, तरीही ढिलं वाटलं तर बदलायचं. हे दाखवलं की बायका एकमेकींच्या घरी नोटा घेऊन फिरतात.

बिलाची भीती मात्र नोटेनं जात नाही. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढे दर दुपटीच्या आसपास जातो. अनेकांना वाटतं, शंभरी ओलांडली की अख्खं बिल त्या दरानं. तसं नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर. हे कळल्यावर एका आजींनी पिशवीतून बिल काढलं. ११८ युनिटं.

“म्हणजे महाग अठराच ना? मग ती अठरा कुठली, ते शोधून दे.”

त्यातली सात युनिटं सेट-टॉप बॉक्समध्ये सापडली. रात्री आठ तास फिरणारा जुना पंखा बदलला, तर महिन्याला साधारण अकरा. आजींनी लगेच नव्या पंख्याची किंमत विचारली.