चिपची गोष्ट (भाग ९) : वळण नेमके कधी आले?

चिप उद्योगात ‘ऐतिहासिक’ हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. नॅनोमीटरचा आकडा जरा खाली आला की दुसऱ्या दिवशी क्रांतीच्या बातम्या. खरे तर हा आकडा आता चिपवरच्या कुठल्याही भागाचे माप राहिलेला नाही. चिपची पिढी ओळखण्याची ती एक खूण आहे, इतकेच.

मग वळण ओळखायचे कसे? त्याला एक कसोटी लावता येते. ज्यांना बदलायचे नव्हते, त्यांनाही बदलावे लागले का?

या कसोटीला फेब्रुवारी १९८७ मधली एक घटना चोख उतरते आणि तिच्यात नवी चिप मुळीच नव्हती. तैवानमधल्या शिंचू इथे टीएसएमसी ही कंपनी स्थापन झाली. संस्थापक मॉरिस चँग तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये २५ वर्षे काढून, सर्वोच्च पद हुकल्यावर ते बाहेर पडले होते. १९८५ मध्ये तैवान सरकारने त्यांना आपल्या औद्योगिक संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून बोलावून घेतले.

चँग यांची योजना पिठाच्या गिरणीसारखी होती : दळण ज्याचे त्याचे, गिरणी तेवढी आपली. कंपनी स्वतःच्या नावाची एकही चिप विकणार नव्हती. त्या काळी हे विचित्रच होते. चिपची रचना करणारा आणि ती बनवणारा सहसा एकच असे. कारखाना, म्हणजे फॅब, नसलेल्या छोट्या कंपनीला मोठ्यांच्या दारात उभे राहावे लागे. यंत्रे रिकामी असतील तेव्हा काम होणार, आणि आपला आराखडा ज्याच्या हाती द्यायचा तो उद्याचा प्रतिस्पर्धीही असू शकणार.

भांडवल मागायला चँग इंटेलकडे गेले, आपल्या जुन्या कंपनीकडेही गेले. दोन्हीकडून नकार आला. नेदरलँड्सच्या फिलिप्सने २७.५ टक्के हिस्सा घेतला, जवळपास निम्मा सरकारने उचलला. उरलेले पैसे तैवानी उद्योगपतींनी दिले. त्यातल्या काहींना सरकारला बरेच पटवावे लागले.

ही कल्पना १९८७ मध्येच का जमली? त्याचे श्रेय कॅलिफोर्नियातल्या दोघांना द्यायला हवे, आणि ते पुरेसे दिले जात नाही. कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी चिपच्या रचनेचे सोपे, प्रमाणबद्ध नियम बसवले : रेघा किती रुंद हव्यात, दोन रेघांत किती अंतर हवे, वगैरे. ते पाळले की रचनाकाराला कारखान्यातली रसायने आणि भट्ट्या कळण्याची गरज उरत नव्हती. कॉनवे यांनी १९७८ मध्ये एमआयटीत हा विषय शिकवला. विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप ह्युलेट-पॅकार्डच्या फॅबमध्ये काही आठवड्यांत तयारही झाल्या. दोघांचे पाठ्यपुस्तक १९८० मध्ये आले. रचना आणि उत्पादन यांची फारकत आधी कागदावर झाली होती. चँग यांनी तिच्यावर धंदा उभा केला.

सुरुवातीला टीएसएमसीचे तंत्र आघाडीच्या कंपन्यांपेक्षा निदान दोन पिढ्या मागे होते. बड्यांना त्यात धोका दिसला नाही, हे समजण्यासारखे आहे. पण १९९३ मध्ये सुरू झालेल्या एनव्हिडियासारख्या कंपन्यांना आता फॅब बांधण्याची गरजच नव्हती. अशी गिऱ्हाइके वाढली, त्यांच्या पैशातून यंत्रे आली, यंत्रांमुळे आणखी गिऱ्हाइके आली. दरम्यान अद्ययावत फॅबचा खर्च अब्जावधी डॉलरांवर गेला. एकट्या कंपनीला आपल्याच चिप विकून तो भरून काढणे अवघड होत गेले.

आता कसोटीकडे. एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स यांचे एक विधान गाजले होते. खऱ्या मर्दाकडे स्वतःच्या फॅब असतात, असा त्याचा मथितार्थ. त्याच एएमडीने २००९ मध्ये आपल्या फॅब वेगळ्या काढल्या. त्यांतून झालेल्या ग्लोबलफाउंड्रीजने २०१८ मध्ये सात नॅनोमीटरचा नाद सोडला आणि एएमडीने आपल्या सर्वांत प्रगत चिपचे काम टीएसएमसीकडे नेले. तेव्हा वळणाची तारीख १९८७ धरा किंवा २००९, निकाल एकच लागतो.

इंटेल सर्वांत उशिरा नमली. २०२१ मध्ये तिने इतरांच्या चिप बनवून देण्याचा स्वतंत्र विभाग जाहीर केला. २०२४ मध्ये लॅपटॉपसाठी आणलेल्या ‘लूनर लेक’ प्रोसेसरचा गणन करणारा मुख्य भाग मात्र तिने टीएसएमसीकडूनच बनवून घेतला.