पऱ्हाटीपासून मेथीपर्यंत



फेब्रुवारीत नेरहून यवतमाळच्या किंवा अमरावतीच्या रस्त्याला लागलात, तर वावरावावरांत उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग दिसतील. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या या वाळक्या काड्या काही चुलीत जातात, तर बऱ्याचशा धुऱ्यावर जाळल्या जातात. जळताना काडीतला कर्ब आणि बहुतेक सगळा नत्र वायुरूपाने हवेत जातो. मागे थोडी राख उरते. आणि त्याच घरातली आई संध्याकाळी बाजारातून मेथीची जुडी विकत आणते! मेथी वाढवू शकणारे द्रव्य आपण सकाळीच जाळून टाकले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही काडी पुन्हा मातीत घालून परसात भाजी पिकवता येईल का? येईल. रासायनिक खत आणि विषारी फवारणी यांवाचूनही येईल. मात्र त्यासाठी बी पेरण्याआधी तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात : ऊन, माती आणि कुजणे.

आधी सावली मोजा

पालेभाजीला दिवसातून निदान तीन-चार तास आणि वांगी, टमाटे, भेंडी यांसारख्या फळभाज्यांना सहा तास तरी थेट ऊन हवे. परसात ते कोठे मिळेल? अंदाज करू नका, मोजा.

नेर सुमारे २०.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २३ मेच्या आसपास आणि पुन्हा २० जुलैच्या आसपास सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. उलट २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४६ अंशांवर असतो. त्या वेळी दोन मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ दोन मीटर पडते. म्हणजे मे महिन्यात भरउन्हात दिसणारी जागा हिवाळ्यात सावलीत जाऊ शकते. म्हणून हिवाळी वाफा भिंतीच्या उत्तरेला करायचा झाल्यास तो भिंतीच्या उंचीपेक्षा अधिक अंतरावर घ्या. आपल्याकडे सूर्याची मध्यान्ह घड्याळातल्या बाराला नसून साधारण सव्वाबाराला होते, हेही काठी रोवून पडताळून पाहा.

पहिला वाफा एक मीटर रुंद व दोन मीटर लांब, एवढाच करा. रुंदी एक मीटर असली, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.

बाटलीतली काळी माती

परसातली मूठभर माती काचेच्या बाटलीत घाला, पाणी भरा, खूप हलवा आणि बाटली स्थिर ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. तिच्यावर पोयटा बसायला काही तास लागतात. चिकणमातीने गढूळ झालेले पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही पुरते निवळत नाही. याचे कारण असे, की बारीक कणाचा पाण्यात पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट लहान झाला, की वेग शंभरपट कमी होतो.

आपल्या काळ्या मातीत या चिकण कणांचे प्रमाण फार मोठे. ते पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. ही माती पाणी पुष्कळ धरते, पण ओली असताना तिच्यात हवा खेळत नाही, आणि मुळांना तर श्वास घ्यायला हवा लागते. कुजलेले खत मिसळले, की चिकण कणांचे छोटे छोटे रवे बनतात. रव्यारव्यांमधून हवा खेळते, रव्यांच्या आत पाणी टिकते. पाणी आणि हवा यांचा हा तोल साधला, की शेतकरी म्हणतो, ‘वाफसा आला.’ वाफसा नसताना काळी माती कधीही खणू नका. तिची ढेकळे होतात आणि ती फुटता फुटत नाहीत.

माझा पहिला वाफा का फसला?

आपल्या हातून झालेली चूक सांगितली, तर दुसऱ्याचा एक हंगाम वाचतो. पहिल्या वर्षी मी घाई केली. पऱ्हाटी बारीक तोडून ती तशीच कच्ची वाफ्यात मिसळली आणि वर मेथी पेरली. मेथी उगवली, पण पंधरा दिवसांत पिवळी पडून खुंटली. ना कीड होती, ना पाण्याची कमतरता. मग झाले काय?

पऱ्हाटीत कर्ब भरपूर, पण नत्र फार थोडा. तिला कुजवणाऱ्या जीवाणूंना आपली शरीरे घडवायला नत्र लागतो. काडीत तो पुरेसा मिळेना, तेव्हा त्यांनी मातीतला उचलला आणि मेथी उपाशी राहिली. नत्र नष्ट झाला नव्हता, तर जीवाणूंच्या शरीरात अडकला होता. म्हणून काडी आधी वाफ्याबाहेर कुजवायची आणि मगच मातीत घालायची.

इंदूरचा ढीग

हे शास्त्र आपल्यापासून फार दूर घडलेले नाही. इंदूरला १९२४ साली वनस्पतींवर संशोधन करणारी एक संस्था सुरू झाली. कपाशी हा तिच्या अभ्यासाचा प्रमुख विषय होता. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांच्यापुढे आपल्यासारखाच प्रश्न होता : एवढ्या पऱ्हाटीचे करायचे काय? त्या कणखर काड्या त्यांनी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतल्या. मग पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांच्याबरोबर थर रचून त्या कुजवल्या. ढीग तीन वेळा उलथला, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. दोघांनी १९३१ साली ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती पुढे जगभर गेली.

तुम्हीही तसेच करा. पऱ्हाटी चेचा. तिला चिकटलेली किडकी बोंडे काढून टाका, कारण त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. शेवटच्या फवारणीला काही महिने उलटलेल्या वावरातलीच पऱ्हाटी घ्या. तशी नसेल, तर पालापाचोळा आणि वाळके गवत चालेल. वाळक्या थरावर भाजीची देठे-साली, त्यावर शेणकाला, त्यावर चिमूटभर राख व माती, असे थर रचा. कर्ब नत्राच्या सुमारे ३० पट असला, की कुजणे चांगले चालते. शेण आणि हिरवा कचरा नत्र पुरवतात. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा. अधिक पाण्याने हवा कोंडते आणि घाण वास सुटतो.

ढीग एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा. इतका मोठा का? एक मीटरच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस मीटर आणि घनफळ १ घनमीटर. पाव मीटरच्या घनात हेच गुणोत्तर ६ ऐवजी २४ होते. उष्णता घनफळात निर्माण होते आणि पृष्ठभागातून निसटते. म्हणून लहान ढीग थंडच राहतो, तर मोठ्या ढिगाचा गाभा ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या तापात तणांचे बहुतेक बी आणि पुष्कळ रोगजंतू मरतात. गाभ्यात लोखंडी सळई खुपसून ठेवा. पाच मिनिटांनी काढून हात जपून लावा, म्हणजे खात्री पटेल.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हिवाळ्यात वाफ्यातून रोज सुमारे चार मिलिमीटर पाणी उडते असे धरू. मग दोन चौरस मीटरला रोज आठ लिटर, म्हणजे लहान बादलीभर पाणी पुरे. मे महिन्यात हीच गरज दुप्पट होते, म्हणून नवख्याने उन्हाळ्यात सुरुवात करू नये. मातीवर वाळक्या पानांचे आच्छादन घातल्यास उडणारे पाणी कमी होते.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी वाफ्याला खुशाल द्या. कपड्यांच्या साबणाचे देऊ नका. त्यातल्या सोडियममुळे चिकण कणांचे रवे मोडतात आणि माती पुन्हा घट्ट होते.

फवारणीचे काय?

२०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशीसाठी आणलेल्या डब्यात उरलेले औषध परसातल्या भाजीवर ‘थोडेसे’ मारण्याचा मोह काही घरांत होतो. तो कधीही होऊ देऊ नका. कपाशी आपण खात नाही. मेथी दोन दिवसांत ताटात येते.

दोन चौरस मीटरमधल्या अळ्या हाताने वेचता येतात. माव्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीचे चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारा. निंबोळीतला गुणकारी घटक उन्हात लवकर मोडतो, म्हणून संध्याकाळीच फवारा आणि भाजी धुऊनच वापरा.

खताची खरी किंमत

मग युरियातला नत्र वाईट आणि खतातला चांगला, असे आहे का? तसे नाही. मूळ नत्र घेते ते मुख्यत्वे नायट्रेटच्या रूपात, आणि ते कोठून आले हे मुळाला ओळखता येत नाही. फरक मातीला पडतो. युरिया नुसता नत्र देतो. कुजलेले खत नत्र सावकाश देते आणि जोडीला रवे बांधते, ओल धरते, गांडुळांना खाऊ घालते.

फेब्रुवारीत रचलेला ढीग जूनपर्यंत तयार होतो. पावसाळ्यात चवळी, भेंडी, दोडका लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेथी, पालक, मुळा आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, पेरा. मेथी महिन्याभरात हाती येते.

शिक्षकांनी शाळेच्या आवारात असाच वाफा करून त्याचे तीन सारखे भाग पाडावेत. एकात कुजलेले खत, दुसऱ्यात कच्ची पऱ्हाटी आणि तिसऱ्यात नुसती माती. तिन्हींत सारखीच मेथी पेरा, सारखेच पाणी द्या आणि दर आठवड्याला रोपांची उंची व पानांचा रंग वहीत टिपा. तिसाव्या दिवशी तिन्ही जुड्या तराजूत घाला. त्यानंतर धुऱ्यावर पऱ्हाटी पेटलेली दिसली, की जळते आहे ते काय, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.