महाविद्यालयाच्या प्रांगणातील येते वर्ष आणि आपण

लहान आयुर्वेद महाविद्यालयाची वार्षिक कार्यक्रमपत्रिका आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती पडते ती एकेका निमंत्रणपत्रिकेच्या रूपाने, आणि तीही कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी. आपण जातो, दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ होते, अल्पोपहार होतो, आणि सायंकाळच्या रुग्णवेळेला आपण आपल्या चिकित्सालयात परततो. यात कोणाचाही दोष नाही. परंतु विद्यार्थ्यांना आपल्याकडून जे मिळावयास हवे ते अशा उपस्थितीतून मिळत नाही. वर्षभराच्या या उपक्रमांपैकी कोणते आपल्यावाचूनही उत्तम पार पडतात आणि कोणते आपल्यावाचून निष्फळ ठरतात, याचा विवेक करण्याच्या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. तालुक्याच्या ठिकाणी साठ विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आणि त्यास संलग्न रुग्णालय चालविणे हे सोपे काम नव्हे. इमारत उभी राहते, ग्रंथालय होते, वनौषधी उद्यानही लागते. रुग्ण मात्र पैसे खर्चून आणता येत नाहीत. रुग्णसंख्येची पूर्तता कागदावर करण्याचा मोह अशा वेळी कोठे कोठे होतो, हे आपण सर्व जाणतो. परिणाम विद्यार्थ्यास भोगावा लागतो. ज्याने वमनाचे वेग स्वतः मोजले नाहीत, ज्याने स्नेहपानाच्या तिसऱ्या दिवशी रुग्णाचा चेहरा पाहिला नाही, तो आंतरवासितेचे एक वर्ष संपवून आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत फलक लावतो. त्याच्या हातून झालेल्या चुकीचा बोल केवळ त्याला लागत नाही, तो शास्त्राला लागतो. म्हणूनच महाविद्यालयाचे प्रांगण हे केवळ संस्थाचालकांचे क्षेत्र आहे असे समजून आपण अलिप्त राहणे योग्य नाही.

शिष्योपनयन आणि संभाषा

नव्या विद्यार्थ्यांचे वर्ष शिष्योपनयनाने सुरू होते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आणि चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात हा विधी सांगितला आहे. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्रवेशानंतर किमान १५ कार्यदिवसांचा परिचय-अभ्यासक्रम आहेच. त्याच्या आरंभी बहुतेक ठिकाणी हा विधी अग्नीच्या साक्षीने होतो. विधी पुरोहित पार पाडतात, तेथे आमची-तुमची गरज नाही. गरज आहे ती त्या पंधरवड्यातील एखाद्या तासिकेला. चरकांनी शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील वृत्त बाहेर सांगू नये, स्त्रीरुग्णाची चिकित्सा तिच्या पतीच्या वा पालकाच्या अनुपस्थितीत करू नये, अशा अगदी व्यवहारातल्या सूचना आहेत. अठरा वर्षांच्या मुलामुलींना त्या संस्कृतातून म्हणावयास लावल्या जातात. वीस-पंचवीस वर्षे व्यवसाय केलेल्या वैद्याने, विशेषतः वैद्य भगिनींनी, त्या उपदेशाचा आजच्या तपासणी-खोलीत काय अर्थ होतो हे अर्ध्या तासात सांगितले तर ते विद्यार्थ्याच्या जन्मभर लक्षात राहील.

त्याच विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे विवेचन आहे, आणि तिचे सन्धाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. श्रावण शुद्ध पंचमीस, म्हणजे नागपंचमीस, चरक जयंती साजरी होते. त्या दिवशी भाषण देण्यासाठी वक्ता शोधण्याऐवजी सन्धाय संभाषा ठेवावी, असे आमचे प्राचार्य मंडळींना सांगणे आहे. एका स्थानिक वैद्याने आपला एकच रुग्ण मांडावा. शक्यतो असा की ज्यात अपेक्षित यश आले नाही. निदान कोठे चुकले, अनुपान बदलावयास हवे होते का, सामावस्था ओळखली गेली होती का, यावर विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत. यशाच्या कथा व्यासपीठावरून पुष्कळ ऐकावयास मिळतात. त्यांतून शिकण्यासारखे थोडे असते.

२१ जूनचा योगदिन २०१५ पासून सर्वत्र होतो आणि तो आपल्यावाचून उत्तम होतो. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

द्रव्यपरिचय : औषधालय चालकांचे खरे स्थान

ज्या उपक्रमासाठी औषधालय चालकांनी आपले दुकान एक दिवस बंद ठेवावे असे आम्हांस वाटते, तो म्हणजे द्रव्यगुण विभागाचे कच्च्या औषधींचे प्रदर्शन. बहुतेक महाविद्यालयांत ते होते, पण काचेच्या बरण्यांत वर्षानुवर्षे तेच नमुने असतात आणि त्यांवरील चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या असतात. विद्यार्थी त्या बरण्या पाठ करतो. बाजारात मात्र त्याच्या हाती जे येते ते बरणीतल्यासारखे नसते.

अशोकाचेच पाहा. सीतेचा अशोक, म्हणजे सराका असोका, संयुक्त पानांचा, तांबूस लोंबत्या कोवळ्या पालवीचा, केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा वृक्ष आहे. रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाशी खांबासारखा सरळ वाढणारा, लाटदार कडांच्या साध्या पानांचा जो वृक्ष लोक अशोक म्हणून लावतात तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होय. झाडे शेजारी शेजारी उभी केली तर शाळकरी मूलही ती वेगळी ओळखील. परंतु पान आणि फूल गेले, साल सोलून वाळली, तुकडे झाले आणि पोत्यात भरली, की भल्याभल्यांची पंचाईत होते. अशोकारिष्ट ज्या सालीपासून होते ती साल कोणत्या झाडाची, हा प्रश्न स्त्रीरोगांची चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याच्या यशापयशाशी निगडित आहे.

नागकेशराची कथा याहून मनोरंजक आहे. खरे नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या नागचाफ्याच्या फुलातील पुंकेसर. बाजारात तांबडे नागकेशर मागितले तर कोकणात गजऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या मिळतात, आणि काळे नागकेशर मागितले तर दालचिनीच्या वर्गातील वृक्षांची कोवळी फळे मिळतात. रास्नेचा प्रश्न तर प्रांताप्रांतांत निराळा: उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, केरळात अल्पिनिया गलंगा, बंगालात झाडावर वाढणारे व्हँडा हे आमर. दशमुळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला आणि काश्मरी या पाच मोठ्या वृक्षांची मुळे ग्रंथांनी सांगितली. पोत्यात मुळांऐवजी खोडाची साल व फांद्यांचे तुकडे निघतात. मूळ काढले की झाड जाते, हे कारण अगदीच टाकाऊ नाही. पण मग ते मूळ म्हणून विकले जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

तेव्हा आमची सूचना अशी. प्रत्येक औषधालयाने आपल्या नेहमीच्या पुरवठादाराकडून आलेल्या पाच-सहा द्रव्यांचे नमुने, साधारण पावशेर पावशेर, पुरवठादाराचे नाव न लिहिता केवळ क्रमांक घालून द्यावेत. विद्यार्थ्यांनी ते भिंगाखाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत, गंध-रस-वर्ण नोंदवावा, ग्रंथोक्त लक्षणे आणि आयुर्वेदिक फार्माकोपियातील वर्णन यांच्याशी ताडून पाहावेत. निष्कर्ष त्या औषधालयासच कळवावा, जाहीर वाच्यता करू नये. यामुळे विद्यार्थ्यास बाजार कळतो आणि औषधालयास आपला माल कळतो. महाविद्यालयातील ही परीक्षा परवानाधारक प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु संशय कोठे घ्यावयाचा एवढे तरी त्यातून निश्चित ठरते.

वनौषधी सहलीविषयी एक वाक्य येथेच लिहितो. ती ऐन श्रावणात धबधबे पाहण्यासाठी काढली जाते, आणि आपल्याकडील ज्येष्ठ वैद्यांना तीत झाडे दाखविण्याऐवजी मुले मोजण्याचे काम लागते. शार्ङ्गधराने सर्वसाधारण कार्यासाठी औषधींचे ग्रहण शरद ऋतूत, तर वमन-विरेचनाच्या द्रव्यांचे वसंताच्या अखेरीस करावे असे सांगितले आहे. सहल पावसाचा जोर ओसरल्यावर, शरदात न्यावी. फूल आणि फळ दोन्ही पुष्कळ ठिकाणी एकत्र पाहावयास मिळते. वनविभागाची अनुमती आधी घ्यावी, आणि मुळासकट उपटण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लागू देऊ नये. कळलावीसारख्या विषारी वनस्पती हाताळण्यापूर्वी त्यांची ओळख करून द्यावी, हे सांगणे न लगे.

दोन दिवस, दोन कामे

२०१६ पासून आयुर्वेद दिन धन्वंतरी जयंतीस, म्हणजे आश्विन वद्य त्रयोदशीस होत असे. २०२५ पासून तो शासनाने २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस आणला. काहींना हा बदल रुचला नाही. आमच्या मते मात्र लहान महाविद्यालयांची त्यात सोय आहे. धनत्रयोदशीला औषधालयांत गर्दी असते, वैद्यांच्या घरी पूजन असते, आणि विद्यार्थी गावी गेलेले असतात. त्या दिवशी प्रांगणात सभा भरविणे म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना धन्वंतरीचे महत्त्व सांगणे होय. आता पूजन धनत्रयोदशीस आपापल्या स्थानी करावे, आणि २३ सप्टेंबर हा लोकांसाठी ठेवावा. उद्यान खुले करावे, ऋतुचर्येची माहिती द्यावी, रुग्णतपासणी करावी.

त्या तपासणी शिबिराच्या पत्रकाकडे मात्र कटाक्षाने पाहावे. मधुमेह, पक्षाघात, स्थौल्य, कर्करोग अशा व्याधी अमुक औषधाने बऱ्या होतात असे छापणे हे औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या कक्षेत येते. पत्रकाखाली प्रायोजक म्हणून औषधालयाचे नाव असेल तर उत्तर देण्याचा प्रसंग त्याच्यावरही येतो.

विरेचनाचे शिबिर कधी घ्यावे

पंचकर्माच्या शिबिरांबाबत दरवर्षी एकच अडचण येते. शरदातील विरेचन म्हणून आश्विनात शिबिर जाहीर होते. मग नवरात्राचे उपवास, पाठोपाठ दिवाळीची सुटी आणि फराळ. दीपन-पाचन, तीन ते सात दिवस स्नेहपान, मधले अभ्यंग-स्वेदनाचे दिवस, प्रत्यक्ष विरेचन आणि शुद्धीनुसार तीन ते सात दिवस संसर्जन, असा दोन ते तीन आठवड्यांचा हा क्रम आहे. तो अर्धवट सोडलेले रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी नंतर आपल्या चिकित्सालयात निस्तरले आहेत. वाग्भटाचार्यांनी अष्टाङ्गहृदयात संचित दोषांच्या निर्हरणासाठी श्रावण, कार्तिक आणि चैत्र हे महिने क्रमाने सांगितले आहेत: वातासाठी, पित्तासाठी आणि कफासाठी. आपल्याकडील अमान्त गणनेने कार्तिक सुरू होतो तो बलिप्रतिपदेस. सुटी संपून विद्यार्थी परतलेले असतात, घराघरांतील पाहुणे गेलेले असतात. फराळाने मंद झालेला अग्नी पाहून पाचनास चार दिवस अधिक द्यावेत, एवढेच. कार्तिकातील शिबिर शास्त्रालाही धरून होते आणि वेळापत्रकालाही.

या शिबिरासाठी वैद्यांनी रुग्ण पाठवावेत, ही आमची आग्रहाची विनंती. रुग्ण परत येणार नाही ही भीती अनेकांच्या मनात असते आणि ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून महाविद्यालयाने लेखी रीत ठेवावी: पाठविणाऱ्या वैद्याचे नाव रुग्णपत्रावर राहील, स्नेहाची मात्रा, वेगांची संख्या आणि संसर्जनाची नोंद त्याला पाठविली जाईल, आणि शोधनानंतरची शमन चिकित्सा तोच वैद्य करील. शक्य असल्यास त्या वैद्याने विरेचनाच्या दिवशी स्वतः उपस्थित राहावे. त्याच्या रुग्णाभोवती पाच विद्यार्थी बसलेले असतील.

दर २७ दिवसांनी पुष्य नक्षत्रावर होणारे सुवर्णप्राशन आता जवळपास प्रत्येक प्रांगणात होते. काश्यपसंहितेतील लेहाध्यायात सोने मध व तुपात घोटून बालकास चाटविण्यास सांगितले आहे; त्या श्लोकांत पुष्य नक्षत्राचा उल्लेख नाही, तो आग्रह परंपरेचा आहे. ज्याकडे लक्ष द्यावयास हवे ते निराळेच आहे. मध आणि तूप समप्रमाणात नाहीत ना, भस्म कोणाचे, कोणत्या दिवशी तयार केले, हे त्या त्या दिवशी लिहून ठेवले पाहिजे. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास उत्पादनाचा परवाना लागत नाही. पण तीच बाटली गावोगावी विक्रीस गेली की परवाना आणि २००० पासून लागू असलेले परिशिष्ट टी दोन्ही लागू होतात. औषधालय चालकांनी महाविद्यालयास येथे साहाय्य करावे ते भस्म देणगी देऊन नव्हे, तर परवानाधारक उत्पादकाचे, तुकडी क्रमांकासह, देयकासह देऊन.

चैत्रातील वमन शिबिराची आखणी माघातच करावी लागते, कारण कफप्रधान श्वासाचे व त्वचारोगाचे जे रुग्ण आपण हिवाळाभर शमनावर ठेवतो त्यांतूनच योग्य रुग्ण निवडावयाचे असतात. ज्यांच्याकडे असे रुग्ण असतील त्यांनी त्यांची वये, बल आणि पूर्वीचे औषध यांची नोंद करून ती पौष अखेरपर्यंत जवळच्या महाविद्यालयाच्या पंचकर्म विभागाकडे द्यावी.