स्कॅनमध्ये नैराश्य शोधताना

लंडनच्या वायव्येला नॉर्थविक पार्क नावाचे रुग्णालय आहे. तिथे ईव्ह जॉन्स्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहिलेल्या स्किझोफ्रेनियाच्या १७ रुग्णांचे सीटी स्कॅन काढले आणि ८ निरोगी माणसांच्या स्कॅनशी ते ताडून पाहिले. रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या होत्या. १९७६ साली हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. सीटी स्कॅन तेव्हा अगदी नवा होता. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला तो १९७१ च्या ऑक्टोबरात, आणि पाचच वर्षांत मनोविकारशास्त्र आपला सर्वांत अवघड प्रश्न घेऊन त्या यंत्रापाशी पोहोचले होते.

पंचवीस माणसांचा असा अभ्यास आज कुणी गंभीरपणे घेणार नाही. तरी मला त्याचे मोल फार वाटते. त्याआधीची दोन-तीन दशके या आजाराचे खापर आईच्या माथी फोडले जात होते. फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी १९४८ साली मांडलेल्या कल्पनेचा आधार घेऊन, आईच्या कोरड्या, धाक दाखवणाऱ्या वागण्यातून मुलाला स्किझोफ्रेनिया होतो असे जाणकार म्हणवणारे लोक सांगत असत. पोटच्या पोराचे हाल डोळ्यांनी पाहायचे आणि वर त्याचा दोषही आपल्याच पदरात घ्यायचा! मेंदूतला फरक डोळ्यांना दिसू लागला, तेव्हा हा आरोप लटका ठरू लागला. या सगळ्या इतिहासात रुग्णांच्या घरच्यांना इतका थेट दिलासा देणारे दुसरे काही मला सापडत नाही.

सीटी स्कॅनला मेंदूचा आकार दिसे, काम दिसत नसे. ती उणीव पेट स्कॅनने भरून काढली. मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो, हे किरणोत्सारी खुणेच्या मदतीने मोजता येऊ लागले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने १९९२ साली मंत्रचळाच्या रुग्णांवर केलेला एक छोटा अभ्यास पुन्हा वाचण्याजोगा आहे. काही रुग्णांना औषध दिले, काहींना नुसती वर्तनोपचाराची सत्रे. ज्यांना बरे वाटले, त्यांच्या मेंदूत कॉडेट या केंद्राची जादा चाललेली धावपळ दोन्ही गटांत कमी झालेली आढळली. औषध म्हणजे मेंदूचा उपचार आणि समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा, ही समजूत अजून आपल्याकडे घरोघरी आहे. तिला तीस वर्षांहून अधिक काळापूर्वीच उत्तर मिळालेले आहे.

नैराश्याचा शोध मात्र एका लहानशा जागेभोवती घुटमळत राहिला. मेंदूच्या मधल्या भागात, खोलवर, कपाळाच्या मागे ‘एरिया २५’ नावाची पट्टी आहे. वेन ड्रेवेट्स यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये या परिसरातल्या बदलांकडे लक्ष वेधले. हेलन मेबर्ग यांनी १९९९ साली निरोगी माणसांना आपापल्या आयुष्यातले दुःखाचे प्रसंग आठवायला सांगितले आणि पेट स्कॅन काढले. दुःख दाटून आले की एरिया २५ जागे होई आणि विचार-नियोजन सांभाळणारा पुढचा भाग मंदावे. नैराश्यातून बाहेर येणाऱ्या रुग्णांत याच्या नेमके उलट घडताना दिसले.

मग मेबर्ग आणि शल्यविशारद आंद्रेस लोझानो यांनी टोरांटोत धाडस केले. कोणतेही उपचार लागू न पडलेल्या सहा रुग्णांच्या मेंदूत त्यांनी बारीक तारा बसवल्या आणि एरिया २५ भोवती सौम्य विद्युतप्रवाह सोडला. रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळी जागे होते. प्रवाह सुरू होताच एकदम शांत वाटले, आतली पोकळी नाहीशी झाली, खोलीतले रंग अधिक उठून दिसू लागले, असे त्यांनी आपणहून सांगितले. सहा महिन्यांनंतर सहापैकी चौघांची सुधारणा टिकून होती. २००५ सालचा हा निबंध वाचताना आजही अंगावर काटा येतो. एका चित्रावरून उपचाराची जागा ठरली होती आणि तो उपचार लागूही पडला होता.

अशा उत्साहात हे संशोधनक्षेत्र काही वर्षे वाहवत गेले. १९९०च्या दशकातच सेइजी ओगावा यांच्या शोधातून फंक्शनल एमआरआय आला होता. किरणोत्साराची गरज संपली, खर्च कमी झाला आणि निबंधांचा पूर आला. वीस-पंचवीस माणसे यंत्रात झोपवायची, मेंदूचा एखादा भाग रंगीत दिसला की त्याचे आजाराशी नाते जोडायचे. २००९ साली क्रेग बेनेट यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. आकडेमोडीत नेहमीची दुरुस्ती गाळली, तर माशाचा मेंदूही ‘प्रतिसाद’ देताना दिसला. २०१६ साली अँडर्स एक्लुंड यांनी दाखवले की प्रचलित संगणकप्रणालींच्या काही पद्धतींत खोट्या निष्कर्षांचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आणि २०२२ साली स्कॉट मॅरेक व सहकाऱ्यांनी सुमारे ५० हजार माणसांची माहिती तपासून सांगितले की मेंदू आणि वर्तन यांचे असे नाते खात्रीने पकडायला हजारो माणसे लागतात.

मोठे अभ्यास तोवर सुरू झाले होते. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने नैराश्याच्या १७२८ रुग्णांची ७१९९ निरोगी माणसांशी तुलना केली. हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग रुग्णांत सरासरीने लहान निघाला, पण फरक फार थोडा होता. जर्मनीतल्या एका गटाने २०२२ साली १८०९ माणसांवर केलेल्या अभ्यासात, कोणत्याही एका मापावर रुग्ण आणि निरोगी यांच्यात ८७ टक्क्यांहून जास्त साम्य आढळले. कोल्हापूर आणि सोलापूरच्या माणसांची सरासरी उंची जराशी वेगळी निघाली, तरी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची उंची पाहून तो कुठला हे कोण सांगणार? नैराश्याच्या स्कॅनचे तसेच आहे. समूहात फरक खरा आहे, पण समोर बसलेल्या एका माणसाबद्दल तो काहीच ठरवत नाही. अमेरिकेची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था २००२ ते २०१५ चालवणारे थॉमस इन्सेल यांनी मेंदूच्या संशोधनाला पाठबळ दिले, आणि नंतर जाहीरपणे मान्य केले की सुमारे २० अब्ज डॉलर खर्चूनही आत्महत्या आणि रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कमी करता आले नाही.

एरिया २५ च्या कथेतही खड्डा आला. ९० रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ६० जणांचा प्रवाह चालू ठेवला, बाकीच्या ३० जणांचा सहा महिने बंद. सुधारणा झाली ती एका गटात २० टक्के, दुसऱ्यात १७ टक्के रुग्णांत. चाचणी मध्येच थांबवावी लागली. मात्र तारा मेंदूत तशाच होत्या आणि पुढे सर्वांचाच प्रवाह चालू झाला. दोन वर्षांनी पाहिले तर जवळजवळ निम्म्यांना फायदा झालेला होता. मेबर्ग यांनी माघार घेतली नाही. तारा नेमक्या कुठे बसल्या तर उपयोग होतो, हे त्यांच्या गटाने प्रत्येकाच्या मेंदूतल्या तंतूंचा नकाशा काढून शोधले आणि चार तंतुमार्ग जिथे एकत्र येतात ती जागा धरली. त्या पद्धतीने उपचार केलेल्या ११ जणांपैकी ९ जणांना वर्षभरानंतर फायदा होता. हा आकडा लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही. पण दिशा मला बरोबर वाटते.

कारण आता सरासरीऐवजी एकेक माणूस पाहिला जातो आहे. २०२४ साली चार्ल्स लिंच आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या मोजक्या रुग्णांचे दीर्घ काळ, पुन्हा पुन्हा स्कॅन घेतले. महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वळवणारे मेंदूतले एक जाळे बहुतेक रुग्णांत जवळजवळ दुप्पट पसरलेले दिसले. मनःस्थिती सुधारली तरी ते तसेच राहिले, आणि पुढे नैराश्य आलेल्या मुलांत ते आजाराआधीही आढळले. दुसरीकडे, फंक्शनल एमआरआय पाहून प्रत्येकाच्या डोक्यावरची जागा ठरवायची आणि पाच दिवस चुंबकीय उत्तेजन द्यायचे, या स्टॅनफर्डच्या उपचाराला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली.

निदानाच्या बाबतीत मात्र निकाल स्पष्ट आहे. नैराश्य ओळखणारा स्कॅन आज जगात कुठेही नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटानेही २०१८ साली हेच सांगितले. पैसे घेऊन असा स्कॅन कुणी देऊ करत असेल, तर ते पैसे देऊ नका. आपल्या डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, तर तो गाठ, पक्षाघात असे दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी असतो. तो जरूर करा. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरातल्या माणसाला ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणू नका. नैराश्य असलेल्या बहुतेकांचा रिपोर्ट नॉर्मलच येतो. निदान अजूनही मनोविकारतज्ज्ञांसमोर बसून, झोप, भूक, रडू, मनात येणारे मरणाचे विचार यांबद्दल मोकळेपणी बोलण्यातूनच होते. तिथवर जायला वेळ लागणार असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनाशुल्क चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.