उन्हाळी सुट्टी, सावर्डे आणि कलाशिक्षणाची पूर्वतयारी

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट हे कलामहाविद्यालय आहे आणि त्यामुळे कोकणातील विद्यार्थ्याला कलाशिक्षणासाठी 1857 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेचीच वाट धरावी लागत नाही, ही या जिल्ह्याची मोठी जमेची बाजू होय. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमधील स्मरणचित्र, म्हणजे समोर नमुना नसताना आठवणीतून रेखाटलेले चित्र, आणि संकल्पचित्र, म्हणजे ठरावीक चौकटीत आकार व रंग यांची केलेली सुसंगत मांडणी, हेच घटक पुढे कलापदवीच्या सामाईक प्रवेश परीक्षेतही तपासले जात असल्याने, सुट्टीतील सरावाचा पाया तेथूनच घातला जाणे इष्ट ठरते.

मात्र उन्हाळ्याचा खरा लाभ निसर्गचित्रणात आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावण्याऐवजी कागदाचाच पांढरेपणा राखला जातो, म्हणून कोठे रंग लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते. आणि मे महिन्यातील प्रखर उन्हात जांभ्या दगडाच्या तांबूस गडग्यावर छाया-प्रकाशाचे विभाग इतके स्पष्ट दिसतात की नवशिक्यालाही तो निर्णय घेता येतो. सावलीची जागा मात्र पाहता पाहता सरकते, त्यामुळे सकाळी सुरू केलेले चित्र दुपारी पुढे न नेता त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी पूर्ण करणे श्रेयस्कर.