ट्यूलिपच्या ताटव्यात कॅमेऱ्याची कसोटी

मार्चअखेरीस बँकांमध्ये वार्षिक हिशेबांची लगबग सुरू असते आणि नेमक्या त्याच सुमारास श्रीनगरला झबरवान पर्वताच्या पायथ्याशी ट्यूलिप उमलू लागतात. बँक कर्मचाऱ्यांचे हे दुर्दैवच म्हणावयाचे! इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप उद्यान सुमारे ३० हेक्टर उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी पसरले असून समोर दल सरोवर दिसते. बहर मात्र जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. रजा आणि प्रवासखर्च यांची जुळवाजुळव करून दूरवरून आलेल्या कुटुंबास तेथे सहसा एखादाच दिवस मिळतो. त्या दिवशी छायाचित्रे फसली, तर पुढील वसंताची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

मोबाईल फोनमुळे खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा मागे पडला असला, तरी अनेक घरांच्या कपाटांत तो आजही आहे आणि तरुण मंडळी तो हौसेने पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. काही जण जुना कॅमेरा विकतही घेतात. असा कॅमेरा दुकानाच्या काउंटरवर पारखून काहीच कळत नाही. त्याची खरी परीक्षा फुलांच्या बागेतच होते.

जवळून छायाचित्र घेण्याच्या सोयीसाठी बहुतेक कॅमेऱ्यांवर जे चिन्ह असते, ते ट्यूलिपच्या फुलाचेच. हे बटण दाबून पुष्कळजण झूम पुढे नेतात आणि चित्र धूसर आले की कॅमेऱ्याला दोष देतात. वास्तविक अशा कॅमेऱ्यांपैकी अनेक झूम पूर्ण मागे असतानाच पाच-सात सेंटिमीटरवरचे फूल स्पष्ट टिपू शकतात. झूम पुढे नेला की हे किमान अंतर बरेच वाढते. म्हणून झूम मागे घ्यावा आणि आपणच पुढे व्हावे. अर्थात ताटव्यात पाय न टाकता, पायवाटेच्या कडेचेच फूल निवडावे. इतक्या जवळ गेल्यावर आपली सावली पाकळ्यांवर पडत नाही ना, तेही पाहावे.

मोठी अडचण लाल रंगाची आहे. कॅमेऱ्याचा संवेदक लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा मोजतो. भर उन्हातील लाल ट्यूलिपमध्ये लाल प्रकाशाचे माप काठोकाठ भरते, उरलेली दोन जवळजवळ रिकामी राहतात. कॅमेरा प्रकाशाची सरासरी पाहून समाधान मानतो आणि पाकळीवरील नाजूक शिरा, मखमली छटा नाहीशा होऊन नुसता लाल डाग उरतो. बँकेच्या भाषेत सांगावयाचे, तर सावलीत हरपलेला तपशील संशयित कर्जासारखा, थोडाफार वसूल होतो. उजेडात जळालेला तपशील मात्र बुडीतच. उपाय सोपा आहे. प्रकाशमान एक तृतीयांश ते दोन तृतीयांश टप्पा कमी करावे, रंग भडक करणारी सोय बंद ठेवावी आणि टिपलेले चित्र पडद्यावर मोठे करून पाकळ्या तपासाव्यात. एवढे करूनही लाल फूल सपाटच येत असेल, तर तो कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलण्याचे मात्र कारण नाही. या कॅमेऱ्यांपैकी बहुसंख्यांचा संवेदक सुमारे ६ × ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या मोठ्या संवेदकाच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढा असतो. तेवढ्याच जागेत अधिक बिंदू कोंबल्याने प्रकाश वाढत नाही. भिंतीवरील १२ × ९ इंची छायाचित्रास १० मेगापिक्सेल पुरेसे होतात. लहान संवेदकाचा एक लाभही आहे: समोरच्या वाफ्यापासून झबरवानच्या कड्यांपर्यंत सारे एकाच वेळी स्पष्ट येते. त्याबरोबर मागील पर्यटकांच्या पिशव्याही तितक्याच स्पष्ट येतात, हा भाग वेगळा.

वाऱ्याने डुलणारे फूल टिपताना बटण अर्धे दाबून धरावे आणि झुळूक ओसरली की पूर्ण दाबावे. बटण दाबणे आणि चित्र उमटणे यांतील जुन्या कॅमेऱ्यांचा विलंब त्यामुळे पुष्कळ कमी होतो. जुना कॅमेरा घेणाऱ्याने मोकळ्या आकाशाचे एक छायाचित्र काढून पाहावे. आत धूळ शिरली असल्यास करडे ठिपके दिसतात. फार जुन्या कॅमेऱ्यांत २ जीबीहून मोठे कार्ड चालत नाही, तेव्हा तसे कार्ड आधीच शोधून ठेवावे. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते; जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

शक्य असल्यास श्रीनगरात दोन दिवस राखावेत. पहिल्या दिवसाची छायाचित्रे त्याच रात्री मोठ्या पडद्यावर पाहिली, तर दुसऱ्या सकाळी चूक सुधारता येते. मात्र त्या दिवशी थोडे उशिरा निघाले तरी चालेल. गारव्यात ट्यूलिप पाकळ्या मिटून उभे असतात. ऊन तापू लागले, की मगच ते उमलतात.